बाबांच्या दगडावरची ओळ

सोमवार, १२ मे

प्रिय टकळीस,

सलाम.

आज कामावर गेलो. मालक म्हणाले, अजून दोन दिवस घरी बसला असतास तरी चाललं असतं. मी म्हटलं, घरी बसून काय करू. सकाळी चष्म्याच्या काचा घासल्या, दुपारी एका मास्तरांच्या फ्रेमची दांडी बदलली, संध्याकाळी दुकान झाडून घेतलं. एक काच वाया गेली. घासताना कोन चुकला. असं माझ्या हातून सहसा होत नाही. मालकांनी दुसरी काच काढून दिली, तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर आईची खोली उघडी ठेवावी की बंद, यात बराच वेळ गेला. दार लावलं. मग उघडलं. आता अर्धवट आहे.

पाळकसाहेबांनी तुला फोन केला हे मला त्यांच्याकडूनच कळलं, दफनाच्या दुसऱ्या दिवशी. तू खूप रडलीस म्हणाले. एवढ्या लांबून तुला वेळेवर पोहोचता येणं शक्यच नव्हतं, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. चर्चच्या मंडळीतली बरीच माणसं आली होती. कुणी कुठे उभं राहायचं ते मावशी पुढच्या बाकावरून सांगत होती. पाळकसाहेबांनाही तिने थोडं सरकायला लावलं. शवपेटी उचलताना मी डाव्या बाजूला होतो. हवा कोरडी होती. एवढंच.

आईने शेवटी प्रभुभोजन घेतलं हे खरं आहे. इतक्या वर्षांनी. पाळकसाहेबांनी द्राक्षारस चमच्याने दिला, तिने गिळला. मी तिथेच होतो.

बाबांच्या कबरीवरच्या दगडावर आता आईचं नाव घालायचं आहे. कारागीर म्हणतो, महिनाभरात होईल. तू तेव्हा येणार असं पाळकसाहेब म्हणाले. ये. तुझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवलेलं आहे, ते हलवतो.

फोनवर माझं तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून पत्र.

तुझा,
घुम्या


गुरुवार, २२ मे

प्रिय टकळीस,

आज अर्धा दिवस काम केलं आणि दुपारी कब्रस्तानात गेलो. परत येताना दुकानाची किल्ली दोनदा खिशात चाचपून पाहिली. तरी घरी पोहोचल्यावर वाटलं की कुलूप लावलंच नाही, म्हणून पुन्हा गेलो. लावलेलं होतं.

तुझं पत्र काल मिळालं. मावशी तेव्हा घरी होती. पाकीट बघून म्हणाली, "हिचं अक्षरसुद्धा बडबड करतं." मी पत्र आत नेऊन वाचलं. तुझी नोकरी, तुझा गुडघा, वरच्या मजल्यावरची बाई आणि तिचा कुत्रा, सगळं वाचलं. शेवटी वेगळ्या ओळीवर तू लिहिलं आहेस, "दादा, आईने मला माफ केलं असं पाळकसाहेब फोनवर म्हणाले. आई नेमकं काय म्हणाली? जसं म्हणाली तसं लिही. तुझे शब्द घालू नकोस."

हे तूच मला सांगावंस! आधीचं वाक्य रागाने लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण राहू दे.

कब्रस्तानात कारागीर मोजपट्टी घेऊन आला होता. बाबांचा दगड त्यानेच घडवला आहे. आजूबाजूच्या दगडांवर शास्त्रातली वचनं आहेत आणि आपल्या दगडावर बाबांच्या नावाखाली आहे, "माझ्या मनात काही नाही." ती ओळ कोरायला सांगितली तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "एवढंच? लोकांना वाटेल, गृहस्थ विसरभोळे होते." आई हसली होती. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा.

आज त्याने विचारलं, ही ओळ ठेवायची ना? मी म्हटलं, का? तर म्हणाला, "बाईंनी मागे एकदा विचारलं होतं, काढता येते का म्हणून." मला हे माहीत नव्हतं. त्याने तिला सांगितलं होतं की दगडावरची एकच ओळ पुसता येत नाही. समोरची सगळी बाजू घासून खाली घ्यावी लागते. नाव जातं, तारखा जातात, मग सगळं पहिल्यापासून कोरायचं. दगड थोडा पातळ होतो, पण काम होतं. विचार करून सांगते म्हणाली आणि तो विषय पुन्हा काढलाच नाही. आता हत्यारं आणायचीच आहेत, तर काय ते ठरवा, असं तो म्हणाला. मी वेळ मागून घेतला.

तुला ही हकीकत तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने मी कधी सांगितली नाही. आज सांगतो.

बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी मी आईबरोबर हॉस्पिटलात होतो. बाबा एकसारखे घरी चला म्हणत होते, हाताची पट्टी ओढत होते. आई दिवसभर उभी होती. ती एकदम म्हणाली, "तुम्ही आम्हा सगळ्यांना दमवून टाकलंत." आणि पिशवी उचलून बाहेर पडली. मागे वळून पाहिलं नाही. मी तिला घरी आणलं. थांबायची पाळी तुझी होती.

सकाळी आम्ही पोहोचलो तर तू व्हरांड्यातच होतीस. म्हणालीस, बाबा शांत गेले, मी हात धरून बसले होते, आणि शेवटी म्हणाले, तिला सांग, माझ्या मनात काही नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला उठवायला वाकलो. ती म्हणाली, "बसू दे मला. बरं वाटतंय."

तीन वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली. दगडावर घातलं ते काय उगाच नाही.

मग ती नर्सबाई दुकानात आली. तिच्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता. आई माझं जेवण घेऊन आली होती आणि स्टुलावर बसली होती. नर्सबाईंनी तिला ओळखलं. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर माझ्याच वॉर्डात होते. अगदी शांत गेले हो, काही त्रास नाही. जवळ कुणी नव्हतं, मीच डोळे मिटले." त्यांनी हे आईला बरं वाटावं म्हणून सांगितलं. माझ्या हातातला स्क्रू पडला. आई स्टुलावरून उतरली, फरशीवर शोधून तो मला दिला आणि नर्सबाईंना म्हणाली, "बसा ना, होईलच आता."

त्यानंतरच्या रविवारी तू घरी आलीस आणि आईने तुला विचारलं. मी स्वयंपाकघरात होतो. ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. तू आधी म्हणालीस, ती बाई चुकते आहे. मग म्हणालीस, समज मी नव्हते तिथे, तरी बाबा हेच म्हणाले असते ना. आई म्हणाली, "मग एवढे दिवस मी कुणाचे आभार मानत होते?" तू पर्स उचललीस. मी नळ पुन्हा सोडला. बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं, पण भांडी घासत राहिलो.

तेव्हापासून ती प्रभुभोजन घेईना. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे सांगायचे की ज्याचं कुणाशी वैर असेल त्याने आधी समेट करावा, मग हात पुढे करावा. लहान प्याल्यांचा ट्रे बाकावरून सरकत आमच्याकडे आला की आई तो घ्यायची आणि तसाच माझ्याकडे द्यायची. लोकांनी नाही नाही ते तर्क केले. मावशी सगळ्यांना सांगायची की तिला द्राक्षारस चढतो. मी एकदा घरी विचारलं तर म्हणाली, "माझी पोरगी मला खरं सांगत नाही आणि मला तिला माफ करता येत नाही. असला हात मी पुढे कसा करू?" प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ती गप्प व्हायची. मी शेजारी उभा असायचो, मला ते कळायचं.

तू विचारलेले शब्द नीट आठवून पुढच्या पत्रात लिहितो.

घुम्या


रविवार, १ जून

प्रिय टकळीस,

मागचं पत्र टाकलं. हे टाकेन की नाही, माहीत नाही. याआधी दोन लिहिली होती, ती दुकानाच्या कोटाच्या खिशात आहेत.

आज प्रभुभोजनाचा रविवार होता. कोपऱ्यातल्या आईच्या जागेवर मी बसलो. ट्रे आला. मी घेतला आणि पुढे दिला. पुढे मावशी होती. ती ट्रे धरून माझ्याकडे बघत राहिली, इतकी की मागचे लोक वाट बघू लागले. बाहेर पडताना म्हणाली, "तुलाही चढतो वाटतं आता." पण थट्टेने नाही म्हणाली.

मी घरी गेलो नाही. सगळे जाईपर्यंत अंगणात फेऱ्या मारल्या आणि मग परत आत गेलो. पाळकसाहेब मागच्या खोलीत प्याले विसळत होते. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. त्यांना जे सांगितलं ते तुला सांगतो.

आई काहीच म्हणाली नव्हती.

त्या दिवशी पाळकसाहेब घरी आले तेव्हा तिची वाचा गेलेली होती. पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणला होता. त्यांनी प्रभुभोजनाची लहान पेटी उघडली, आणि त्यांना विचारावं लागतं तसं विचारलं, "कुणाविषयी मनात काही राहिलंय का?" आईने डोळे उघडले. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती हो म्हणून मान हलवेल आणि ते पेटी मिटून जातील, आणि ती अशीच जाईल. मी म्हणालो, "काही नाही राहिलं. कालच मला म्हणाली, पोरीला माफ केलं म्हणून." आदल्या दिवशी तर तिला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पाळकसाहेबांना ते माहीत नव्हतं.

त्यांनी चमचा पुढे केला. आईने तोंड उघडलं. ते चमच्यासाठी उघडलं की नको म्हणायला, ते मला माहीत नाही. मी रोज ते तोंड डोळ्यांसमोर आणतो. कधी असं दिसतं, कधी तसं. चमचा आत गेला. तिने गिळलं. तिचे डोळे माझ्यावरच होते आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तेव्हा तू शब्द मागितलेस, ते माझ्याजवळ नाहीत. नव्हतेच. मागच्या पत्रात नीट आठवून लिहितो म्हणालो, ते दुसरं खोटं.

पाळकसाहेबांनी हातातला विसळलेला प्याला पुन्हा विसळला. ते रागावतील असं वाटलं होतं. तसे ते रागावलेच, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी ते तुमच्या बहिणीला फोनवर सांगितलं. माझ्या तोंडून गेलं ते." मी विचारलं, आईने घेतलं ते घेतलं असं धरायचं का. ते म्हणाले, "ते ना तुमच्या हातात, ना माझ्या." मग मी म्हटलं, मला क्षमा मिळेल का. त्यावर लगेच हो म्हणाले. देव क्षमा करतो हे सांगणं माझं कामच आहे, म्हणाले, आणि ते मी तुम्हाला सांगतो. आणि मग म्हणाले, "पण बहिणीला तुम्हीच सांगायचं. ती दगड बघायला येण्याच्या आधी. नाहीतर मी सांगेन."

प्रार्थना केली त्यांनी. डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात ओला होता. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही. घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकलो.

मला माहीत आहे हे वाचून काय होईल. तुला एक वस्तू मिळाली होती आणि मी ती काढून घेतो आहे. आईचं नेमकं हेच झालं होतं. तेव्हा मी मनात म्हणायचो, टकळीने असं कसं केलं, कुणी असं करतं का. आता मला कळतं कसं करतात. फार विचार करून नाही करत. समोरचं माणूस तसंच जाईल या भीतीने तोंड उघडतं आणि वाक्य बाहेर पडतं. मी तर बोलणाराही नाही.

शब्द नाहीत, पण मी पाहिलेली एक गोष्ट आहे, ती देतो. मोजपट्टी घेऊन आला त्या दिवशी कारागीर दगडावर बोट फिरवून म्हणाला, आजूबाजूच्या दगडांत शेवाळ भरलंय, या दगडातली अक्षरं स्वच्छ कशी? घरी येऊन मी आईची कब्रस्तानाची पिशवी काढली. तिच्यात पाण्याची बाटली, एक फडकं आणि दात घासायचा जुना ब्रश आहे. ब्रशचे केस एका बाजूला वाकलेत. ती गेली सात वर्षं सवडीने जात होती हे मला माहीत होतं. तिथे काय करते हे विचारलं नव्हतं. नाव घासलं आणि ती ओळ सोडली, असं तिने केलेलं नाही. ओळसुद्धा स्वच्छ आहे. याचा अर्थ मी सांगत नाही. मी आता कुणाच्या वतीने काही सांगणार नाही.

माझ्यापुरतं मात्र सांगता येईल. तू निघून गेलीस आणि मी एकटा तिच्या गप्प बसण्यात राहिलो. त्याबद्दल माझ्या मनात तुझ्याविषयी काही होतं. बरंच होतं. आज पाळकसाहेबांकडून परत येताना ते आहे का बघितलं. बहुतेक नाही. बहुतेक हा शब्द खोडत नाही, कारण तुला खरं हवं आहे.

आणि मी केलं त्याची तुझ्याकडे क्षमा मागतो. आईकडे मागायची राहिली.

दगडाचं काम शनिवारी, चौदा तारखेला आहे. आता हे टाकून येतो, नाहीतर हेही कोटात जाईल.

घुम्या


शनिवार, १४ जून

प्रिय टकळीस,

आज दगडाचं काम पुरं झालं. सकाळी आठाच्या सुमाराला कारागीर आला, दुपारी गेला. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. मावशीने दगड एका बाजूला कललेला आहे असं सांगितलं. कारागिराने पट्टी लावून दाखवलं की नाही. तरी तिचं म्हणणं कायम आहे.

ओळ ठेवली. दगड घासून पातळ करायला माझं मन झालं नाही. बाबा ते म्हणाले नव्हते, पण आईने ते वाचलं होतं, पुन्हा पुन्हा वाचलं होतं, आणि नंतर कळल्यावरही साफ केलं होतं. तिचं त्याच्याशी काय होतं ते तिचं. आईचं नाव त्याच्याखाली आलं आहे. कारागिराने विचारलं, यांचं वाक्य काय घालायचं? मी म्हटलं, काही नको. तो म्हणाला, "खाली मोकळं दिसेल." मी म्हटलं, दिसू दे.

तू येशील म्हणून मी फाटकाकडे बघत होतो, हे कबूल करतो. काल तुझं पत्र आलं होतं तरी. कधी नव्हे ते एवढंसं पत्र. मला ते पाठ झालंय. तू लिहिलंस,

"बाबांच्या त्या रात्री मी खाली चहा प्यायला गेले होते. डोळे मिटत होते म्हणून. परत आले तर पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. तुझ्यावर मी फार रागावले आहे, घुम्या. शनिवारी येत नाही. मागाहून येईन. क्षमेचं तेव्हा समोरासमोर बघू. यंत्र हलवलंस का?"

मी ते दुकानात उभ्याने वाचलं. मालकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बहीण चहा प्यायला गेली होती. त्यांना काय कळणार. त्यांनी माणूस पाठवून माझ्यासाठीच चहा मागवला.

इतक्या वर्षांत मी काय काय धरून चाललो होतो. तू कुणाला भेटायला गेलीस, तू घरी निघून गेलीस, तू घाबरून पळालीस. आईनेही असंच काहीतरी धरलं असणार. एकदा तू हे म्हणाली असतीस तर तिनेच तुला विचारलं असतं की साखर तरी घातली होती का चांगली. मला वाटतं, विचारलं असतं. हे पुन्हा मी तिच्या वतीने बोललो. सवय जायला वेळ लागेल.

समोरासमोर ठीक आहे. केव्हा, ते कळव. कळवलं नाहीस तरी ये.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला आहे. ट्रे आला की काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पाळकसाहेब म्हणतात, घ्या. मी म्हटलं, ती येऊ दे.

यंत्र हलवलेलं नाही. पहिल्या पत्रात हलवतो म्हणालो होतो, पण खोलीत गेलो की खिडकी उघडून परत यायचो. तू यायला निघालीस ते माझ्या खोट्यावर, असं वाटायचं, आणि हात लागायचा नाही. आता लागेल. त्याचा एक पाय निखळलेला आहे आणि ते एकट्याने उचलत नाही, पण खाली जुनी चादर घातली तर ओढत नेता येईल. आईच्या खोलीचं दार पूर्ण उघडावं लागेल, तिथेच ठेवतो.

पत्र इथे थांबवतो. चादर शोधायची आहे.

घुम्या